जाहिरातीचं बिल

आज जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

परवा कपाट आवरताना माझी 1983 ची डायरी सापडली. बँकेत दरवर्षी मिळायची तसली, रेक्झिनच्या कव्हरची. एका पानावर माझ्याच अक्षरात तीन छोटी वाक्यं होती. "खाते नियमित. पाक्षिक चालू. संपादक आले होते, बोलले नाहीत." वाचलं आणि तसाच खुर्चीत बसून राहिलो.

नेमका त्याच दिवशी संध्याकाळी नातू आला. तो पत्रकारिता शिकतो. म्हणाला, "आजोबा, बाहेरच्या देशांत छोटे पेपर टिकावेत म्हणून सरकार पैसे देतं. आपल्याकडे का देत नाही?" मी म्हटलं, देतं रे बाबा, फार पूर्वीपासून देतं. पैसे देण्याचा प्रश्नच नाही. ते कोणाच्या हातातून येतात आणि केव्हा थांबतात, तो प्रश्न आहे. त्याला सगळं सांगता सांगता रात्रीचे अकरा वाजले. तेच इथे लिहितोय.

सुरुवात आमच्या वडिलांपासून. ते नांदेडकडचे, नोकरीसाठी हैदराबादला आले आणि सुलतान बाजारच्या मागे एका खोलीत राहिले. निजामाच्या राज्यात मराठी बोलणारे पाच जिल्हे होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. कारभाराची भाषा मात्र उर्दू. पेपर काढायचा तर आधी सरकारची परवानगी. ती मिळाली तरी काय छापता यावर नजर असायचीच.

लक्ष्मणराव फाटकांनी 1920 मध्ये हैदराबादेत 'निजाम विजय' हे मराठी साप्ताहिक सुरू केलं. वडील हसून म्हणायचे, "नाव वाच! विम्याचा हप्ता नावातच भरलेला आहे." पण हसले तरी त्या पेपरबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. कारण मोगलाईत राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या भाषेत आपल्या जिल्ह्याची बातमी मिळायला तेवढाच आधार होता. तेलुगू लोकांसाठी सुरवरम प्रताप रेड्डींनी 1926 मध्ये 'गोलकोंडा पत्रिका' काढली, तीही अशीच जपून पावलं टाकत चालवलेली. दरबाराच्या बाजूने लिहिणारा 'रहबर-ए-दक्कन' होताच. पोलीस कारवाईनंतर त्याचंच 'रहनुमा-ए-दक्कन' झालं.

ज्यांना जपून लिहायचं नव्हतं त्यांना राज्याबाहेर जावं लागलं. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये 'मराठवाडा' काढला तो पुण्याहून. निजाम सरकारने बंदी घातली की वाघमारे नवं नाव घेऊन पुन्हा हजर. पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. वडील सांगायचे, पुण्याहून येणाऱ्याच्या ट्रंकेत धोतराच्या घडीत अंक यायचा. एक अंक दहा घरं फिरायचा आणि शेवटच्या घरात चुलीत जायचा. पैसे कोण द्यायचं? वाचणारेच. चार आणे, आठ आणे, कोणी धान्य. आता हा हिशेब मी बँकवाल्याच्या नजरेने पाहतो तेव्हा वाटतं, असा धंदा एक दिवस चालायला नको होता. पण तो चालला, आणि पुढे अनंत भालेरावांच्या काळात औरंगाबादचं मोठं दैनिक झाला.

आणि शोएबुल्ला खान. हे नाव आमच्या घरात अगदी हळू आवाजात घेतलं जायचं. ते 'रय्यत' या उर्दू पेपरात होते. तो निजाम सरकारने बंद पाडला. मग बुर्गुला रामकृष्णराव यांच्यासारख्यांच्या मदतीवर शोएबुल्लांनी 'इमरोज' काढला. हैदराबाद भारतात सामील झालं पाहिजे, असं ते उर्दूत, हैदराबादेत बसून, रझाकारांच्या नाकासमोर लिहीत होते. 1948 च्या ऑगस्टमध्ये रात्री कचेरीतून घरी जाताना त्यांना गाठून मारलं. ज्या हाताने लिहायचे तो हात तोडला. वय जेमतेम अठ्ठावीस. त्यानंतर महिन्याभरातच, 13 ते 17 सप्टेंबरला, पोलीस कारवाई झाली आणि निजामी राज्य संपलं. वडील दर वेळी एकच वाक्य म्हणायचे: "महिनाभर जगायला पाहिजे होता पोरगा."

तर मंडळी, माझ्या पिढीने पेपर म्हणजे काय हे असं ऐकलं होतं. सरकार म्हणजे बंदी घालणारं. मदत करणारं सरकार ही कल्पना स्वातंत्र्यानंतर आली, आणि तिचाही इतिहास आहे.

1952 मध्ये पहिला प्रेस कमिशन नेमला गेला. अध्यक्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष, आपलेच. 1954 च्या अहवालात छोट्या पेपरांची काळजी होती. मोठा पेपर कमी किमतीत भरपूर पानं देतो, मग छोटा कसा तगणार? म्हणून त्यांनी किमतीप्रमाणे पानं ठरवून द्यावीत असं सुचवलं. तसा कायदा 1956 मध्ये झाला, हुकूम 1960 मध्ये निघाला. आणि कोर्टात कोण गेलं? पुण्याचा 'सकाळ'! ते आठवड्यातले सहा दिवस मिळून 34 पानं देत होते. नव्या हिशेबाने त्याच किमतीत 24 च देता आली असती. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये कायदा आणि हुकूम दोन्ही रद्द केले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मुधोळकर. अर्थ असा की, एकाला वाचवायचं म्हणून दुसऱ्याचं तोंड लहान करता येणार नाही.

मग छोट्यांना द्यायचं काय? पोस्टात सवलत, सरकारी कोट्यातला कागद आणि मुख्य म्हणजे सरकारी जाहिराती. दिल्लीत त्यासाठी 1955 मध्ये डीएव्हीपी निघालं, राज्यांत माहिती खाती होतीच. टेंडर, लिलाव, नोकरभरती, पंधरा ऑगस्टच्या शुभेच्छा. ज्या पेपराला साबणवाला आणि साडीवाला जाहिरात देत नाही, तो यावर जगायचा. यात चूक काहीच नाही. टेंडरची माहिती लोकांपर्यंत जायलाच हवी, आणि पेपरही जगायला हवा.

आता माझ्या डायरीकडे येतो.

मी तेव्हा फील्ड ऑफिसर. विवेकवर्धिनीतून बी.कॉम. करून बँकेत लागलो, चार गावं फिरून हैदराबादेत परत आलो होतो. बडी चौडीच्या बाजूला एका गल्लीत खालच्या मजल्यावर एक मराठी पाक्षिक निघायचं. नाव सांगत नाही, माणूस गेला, घरचे आहेत. चार पानं, खिळ्यांचा छापखाना, एक ट्रेडल मशीन, एक कंपोझिटर. संपादक वडिलांच्या ओळखीचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. पानांत काय असायचं? गणेशोत्सवाची वर्गणी, वधूवर, शाळेचा निकाल, कोण वारलं, आणि दर अंकात मोहल्ल्याची एखादी तक्रार. नळ, गटार, रेशन. मोठे पेपर त्या गल्लीत कधी यायचे नाहीत. काका रोज चालत जायचे.

त्यांना मी वीस हजारांचं कॅश क्रेडिट मंजूर करून आणलं. तारण काय? सरकारी खात्यांकडे अडकलेली जाहिरातींची बिलं. आमचे मॅनेजर म्हणायचे, सरकारी बिल म्हणजे सोनं, उशीर होईल पण बुडणार नाही. कागदावर मामला पक्का होता.

त्या वर्षी उन्हाळ्यात नळाला घाण पाणी येऊन दोन गल्ल्यांत पोरं आजारी पडली. काकांनी सलग तीन अंकांत छापलं. कुठल्या तारखेला तक्रार दिली, कोणी घेतली, कोणी पोच दिली नाही. शिवीगाळ नाही, सगळं तारीखवार. चौथ्या अंकापासून एका खात्याची जाहिरात बंद झाली. मागची बिलंही थांबली. विचारायला गेलं की उत्तर एकच: "ऑडिटला गेलीय फाईल." चार महिने फाईल ऑडिटला.

इकडे माझं खातं अनियमित. इन्स्पेक्शन तोंडावर. मी काकांना नोटीस काढली, आणि स्वतः नेऊन दिली. घरचा माणूस म्हणून पोस्टाने पाठवायला बरं वाटेना. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. मग म्हणाले, "साहेब, बिल तुमच्याकडे तारण आहे. पण माझं तोंड त्यांच्याकडे तारण आहे, हे तुमच्या फॉर्ममध्ये कुठे लिहायचं?" आयुष्यभर मला अरे-तुरे करणारा माणूस त्या दिवशी साहेब म्हणाला.

मी काय बोलणार? म्हटलं, "काका, थोडं जमवून घ्या ना. पाणी आता बरं येतंय." हे मी म्हटलं. कोणी बोलायला लावलं नव्हतं.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर त्या खात्याच्या अधिकाऱ्याचा हार घातलेला फोटो आणि तीन कॉलम कौतुक आलं. दहा दिवसांत सगळी बिलं निघाली. पैसे खात्यात जमा. इन्स्पेक्शन रिपोर्टात माझ्या वसुलीबद्दल चांगला शेरा पडला. काका पैसे भरायला आले, स्लिप भरली, शिक्का घेतला, निघून गेले. म्हणून डायरीत लिहिलंय, "बोलले नाहीत." पाक्षिक नंतर काही वर्षं चाललं, पण तक्रारीचा कोपरा पुन्हा आला नाही. तिथे राशिभविष्य यायला लागलं.

मंडळी, यात कुठेही बंदी नव्हती. रझाकार नव्हते. कोणी कायदा मोडला नाही, मीही नाही. फक्त एक फाईल चार महिने ऑडिटला होती.

आणि गंमत बघा. याच शहरात, मुसीकाठच्या आपल्या हायकोर्टात, याच सुमारास हा प्रश्न येऊन गेला होता. 'ईनाडू' काढणाऱ्या उषोदय पब्लिकेशन्सचा आंध्र सरकारविरुद्धचा खटला, 1981 च्या लॉ रिपोर्टात छापलेला आहे. कोर्टाचं म्हणणं असं, की जाहिराती देण्याचा अधिकार सरकारने एका पेपरावर मेहेरनजर आणि दुसऱ्यावर खप्पामर्जी दाखवायला वापरू नये. मला तेव्हा हे माहीतच नव्हतं. रिटायर झाल्यावर एका वकील मित्राने दाखवलं. पण माहीत असतं तरी काय? हायकोर्टात मोठा पेपर जातो. चार पानांचं पाक्षिक कुठे जाणार, वकिलाची फी द्यायची की कागदाचं बिल?

आता नातवाचा प्रश्न. नियम करून मदत देता येते का? येते. नॉर्वेने 1969 मध्ये, स्वीडनने 1971 च्या सुमारास पेपरांना मदत सुरू केली. खप किती, बाजारात जागा कोणती, असे आधीच लिहून ठेवलेले निकष. संपादकाने काय लिहिलं हे त्या तक्त्यात येत नव्हतं. कॅनडाने 2019 पासून पाच वर्षांसाठी 5 कोटी डॉलर बाजूला ठेवले ते स्थानिक बातमीदार नेमायला, जिथे पेपरच उरले नाहीत अशा गावांत. आणि पैसे मंत्र्याच्या हातून न देता पत्रकारांच्या आणि प्रकाशकांच्या संस्थांमार्फत दिले.

आपल्याकडेही 2016 मध्ये डीएव्हीपीने 100 गुणांचा तक्ता केला होता. मी तो कर्जाच्या अर्जासारखा वाचला. खपाच्या दाखल्याला 25, नोकरांच्या प्रॉव्हिडंट फंडाला 20, पानांना 20, वृत्तसंस्थेच्या वर्गणीला 15, स्वतःच्या छापखान्याला 10, प्रेस कौन्सिलची वर्गणी भरली म्हणून 10. बेरीज बरोबर 100. मर्जीपेक्षा तक्ता केव्हाही बरा, हे मान्य. पण काकांना त्यात किती मिळाले असते? छापखान्याचे 10, आणि थोडेफार इकडचे तिकडचे. दिल्लीची बातमी विकत घेतली तर 15. चालत जाऊन नळाचं पाणी बाटलीत भरून आणलं, त्याला शून्य.

मी नातवाला म्हटलं, मदत हवीच. वाचकांच्या चार आण्यांवर लढा चालतो, रोजचा पेपर नाही चालत. पण मदत द्यायची तर तीन गोष्टी आधी लिहून ठेवा. किती देणार, कोणत्या तारखेला देणार, आणि थांबवली तर कारण लेखी कोण देणार. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची. त्या चार महिन्यांत कोणी एक ओळ लेखी दिली असती, तर काकांना भांडता आलं असतं. मलाही ती फाईलला जोडून मुदत वाढवता आली असती. निदान मी ते "जमवून घ्या" म्हटलं नसतं.

तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही त्यांची माफी मागितली का?" नाही मागितली. राहून गेलं. त्यांच्या तेराव्याला गेलो होतो, जेवून आलो.

असो. इथे जुने हैदराबादी बरेच आहेत. कोणाच्या घरी माळ्यावर 'निजाम विजय'चे किंवा पुण्याहून चोरून आलेल्या 'मराठवाडा'चे अंक असतील तर रद्दीत घालू नका, खाली कळवा. आणि बडी चौडीच्या त्या पाक्षिकाचा 1983 च्या उन्हाळ्यातला, पाण्याच्या बातमीचा अंक कोणाकडे असेल, तर मला फक्त एकदा बघायचा आहे. माझ्याकडे नंतरचाच आहे, फोटोवाला.