तरस

हायनिडी कुळातील मांसाहारी सस्तन प्राणी. या कुळाच्या चारच जाती आज उरल्या आहेत. ठिपकेदार तरस, तपकिरी तरस आणि वाळवीवर जगणारा छोटा आर्डवुल्फ या तीन जाती आफ्रिकेत राहतात. चौथी, पट्टेरी तरसाची जात आफ्रिकेपासून भारतापर्यंत पसरलेली असून आपल्याकडे तीच एक आढळते. ठेवण कुत्र्यासारखी असली तरी तरसाचे जवळचे नाते मुंगूस आणि उदमांजराशी आहे. माहितीपटांतून घरोघरी पोचलेला, मादीच्या हुकमतीखाली टोळीने शिकार करणारा तरस ठिपकेदार असतो. ते चित्र पट्टेरी तरसावर लादले की त्याच्याविषयीचे सगळेच अंदाज चुकतात. हा बहुधा रात्री, एकट्याने आणि गुपचूप हिंडतो. मेलेली जनावरे, हाडे, किडे, फळे आणि जमल्यास लहानसहान प्राणी यांवर त्याचे भागते.

तो घनदाट जंगलाचा रहिवासी नाही, ही गोष्ट त्याच्या रक्षणाच्या विचारात सर्वांत आधी यायला हवी. हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्याभोवतीचा मुलूख घ्या. काळ्या रानात सोयाबीन आणि तूर, वर मुरमाड गायराने, मधून ओढे-नाले, आणि जवळच पैनगंगेचे खोरे. सरकारी दप्तरात यातला बराच भाग पडीक म्हणून जातो. तरसाच्या हिशेबात मात्र अशा मुलखातला एकही तुकडा फुकट नसतो. ओढ्याकाठच्या कपारीत त्याचा दिवस जातो आणि पिल्ले वाढतात, बांधांवरून त्याची रात्रीची वाट असते, मेलेली ढोरे टाकण्याच्या जागी त्याला अन्न मिळते. पुणे जिल्ह्यात सासवड, जेजुरी, सुपे या पट्ट्यात तरस टिकून आहेत, तेही मोठ्या जंगलाच्या आधाराने नव्हे, तर माळ आणि शेतीच्या सरमिसळीत.

त्याचे काम समजायचे तर जबडा पाहावा. शंकूसारख्या जाड दाढा आणि मजबूत स्नायू यांच्या जोरावर तो बैलाचे हाडही फोडतो. पोटातल्या तीव्र आम्लात हाड विरघळते आणि उरलेल्या चुन्यामुळे त्याची विष्ठा वाळल्यावर पांढरी फटक पडते. बिळाच्या तोंडाशी हाडे, कवट्या, कातड्याचे तुकडे साचलेले दिसतात, कारण पिल्लांसाठी अन्न तिथवर ओढून आणले जाते. गिधाडे मांस संपवीत आणि तरस हाडे, अशी ही जुनी वाटणी होती. १९९० च्या दशकापासून जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, ती मेलेली जनावरे खाऊन, गिधाडे झपाट्याने मेली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर त्यांची रिकामी जागा भटक्या कुत्र्यांनी धरली होती. कुत्री तरसाच्या अन्नात वाटेकरी होतात आणि रोगही पसरवतात.

तो शेळ्या-मेंढ्या नेतो, हा आक्षेप खोटा नाही. कोकरू किंवा राखणीचे कुत्रे कधीमधी त्याच्या तोंडी पडते, आणि ज्याची शेळी गेली त्याचे नुकसान खरेच असते. त्यावर उपाय म्हणजे रात्री पक्का वाडा आणि वेळेवर भरपाई. बिळात धूर कोंडून किंवा विष घालून शेळी परत येत नाही, उलट विषाने इतर जनावरेही मरतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : जो उकिरड्यावरही जगतो त्याला संरक्षण कशाला? मात्र अन्न कुठेही मिळाले तरी निवांत बीळ कुठेही मिळत नाही. माळ नांगरला, मुरूम काढून टेकडी सपाट केली की मादीला पिल्ले घालायला जागा राहत नाही. आणि अन्नासाठी तो रस्त्यावर चिरडलेल्या जनावरांकडे वळला की वाहनाखाली सापडतो.

जगभरात या जातीचे प्रौढ प्राणी १० हजारांहून कमी असावेत असा अंदाज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तरस तिसऱ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने त्याला पहिल्या अनुसूचीत आणले, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवले. हे योग्यच झाले. परंतु वाघाला राखीव जंगल आहे, तरसाचे घर गावच्या गायरानात आहे. गायरानावर गुराख्यांचा, भूमिहीनांचा हक्कही तितकाच खरा आहे. चराईने तरसाचे बिघडत नाही, ढोरे आहेत म्हणूनच तो तिथे आहे. त्याचे बिघडते ते खाणीने, कुंपणाने आणि सरसकट नांगरटीने. तेव्हा गायरानाचा वापर ठरवताना घळी, कपारी आणि वापरातली बिळे आधी नोंदवून तेवढी जागा खोदकामातून वगळणे, एवढे ग्रामपंचायत आणि वनखाते मिळून आजही करू शकतात.