अभ्रक (विद्युत् निरोधक)

पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटणाऱ्या सिलिकेट खनिजांचा गट. यांपैकी मस्कोव्हाइट (पांढरे वा माणिकछटेचे) आणि फ्लोगोपाइट (मॅग्नेशियमयुक्त, पिंगट) ही दोनच अभ्रके विद्युत् कामी विशेषेकरून घेतली जातात. बायोटाइट हे काळे अभ्रक त्यातील लोहांशामुळे वर्ज्य ठरते; रसशास्त्रात मात्र भस्मासाठी कृष्णवर्णी वज्राभ्रकच श्रेष्ठ मानलेले असून, अग्नीत घातल्यावर जे पिनाक जातीच्या अभ्रकाप्रमाणे पदर सोडीत नाही, दर्दुर वा नाग या जातींप्रमाणे आवाज करीत नाही, ते वज्र, अशी त्याची परीक्षा सांगितलेली आहे.

निवडीचे निकष : पदार्थ आचेने वितळत नाही, एवढ्यावरून तो तापलेल्या स्थितीत निरोधक राहील असे अनुमान काढता येत नाही, कारण तापमान चढेल तसा बहुतेक निरोधकांचा रोध घटत जातो, आणि थंडपणी उत्तम निरोधक असलेली काच पुरेशी तापल्यावर प्रवाह वाहू देते. मस्कोव्हाइट सुमारे ५००° से.पर्यंत, तर फ्लोगोपाइट त्याहून बरेच वर, सुमारे ८००° से.पर्यंत टिकते, यापुढे रचनेतील जलांश निघून जाऊन पापुद्रे फुगतात व ठिसूळ होतात. विद्युत् दाब सोसण्यात मस्कोव्हाइट सामान्यतः सरस असल्याने धारित्रांत (कंडेन्सरांत) तेच घालतात. काळे लोहडाग व पदरांत अडकलेली हवा यांमुळे मालाची प्रत उतरते.

मायकानाइट : मोठे निर्दोष पत्रे दुर्मीळ व महाग, सबब पातळ पापुद्रे लाखेने एकमेकांवर चिकटवून, उष्णता व दाब देऊन तक्ते बनविण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. येथे तापमानाची मर्यादा खनिज ठरवीत नसून बंधक (पापुद्रे चिकटविणारा पदार्थ) ठरवितो, ही गोष्ट खरेदीच्या वेळी सर्रास नजरेआड होते. सेंद्रिय बंधकाचे अभ्रक परंपरेने निरोधकांच्या १३०° से.च्या ‘ब’ तापवर्गात, तर सिलिकोनबंधित अभ्रक १८०° से.च्या ‘ह’ वर्गात मोडते.

उपयोग : विजेच्या इस्त्रीत नायक्रोमची पट्टी अभ्रकाच्या पत्र्यावर गुंडाळून वरखाली तसेच पत्रे ठेवीत. डायनामोच्या कम्युटेटरात तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये अभ्रक असते. मस्कोव्हाइट तांब्याहून सावकाश झिजत असल्यामुळे ते वर उरून कार्बनचे ब्रश उडू लागतात व ठिणग्या पडतात, म्हणून त्याची कड पट्ट्यांच्या पातळीखाली खरवडावी लागते. मऊ फ्लोगोपाइट तांब्याबरोबरीने झिजत असल्याने कड समतल ठेवण्याची मुभा मिळते.

प्राप्तिस्थाने : झारखंडातील कोडर्मा–गिरिडीह व बिहारचा लगतचा मुलूख, आंध्रातील नेल्लोर आणि राजस्थान. माणिकछटेच्या मालास कोडर्म्यामुळे जगभर लौकिक मिळाला. ठोकळ्याच्या कडा विळ्याने साफ करून, सुरीच्या टोकाने पदर सोडवीत मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या हिश्शाइतके पापुद्रे हाताने काढतात. हे काम बहुतांशी घरोघर चाले. फ्लोगोपाइट मुख्यतः मादागास्कर व कॅनडा येथून येत असे.

अन्य तापसह निरोधक : चिनी माती, स्टिएटाइट, ॲल्युमिना, नळीबंद तापकांत मॅग्नेशियम ऑक्साइडची ठासलेली भुकटी. ॲस्बेस्टॉस आरोग्यास घातक म्हणून अनेक देशांत बंद.

कृत्रिम अभ्रक : हायड्रॉक्सिलाऐवजी फ्लोरीन असलेले फ्लोगोपाइट, नैसर्गिकाहून अधिक तापसह.