भुशात जपलेला बर्फ

बर्फ टिकवण्याच्या प्रश्नाचा थंडी निर्माण करण्याशी फारसा संबंध नाही; बाहेरची उष्णता बर्फापर्यंत किती सावकाश पोहोचू द्यायची, एवढाच तो प्रश्न आहे. ग्लासगो येथील वैज्ञानिक जोसेफ ब्लॅक याने १७६० च्या दशकात अप्रकट उष्म्याची संकल्पना मांडली. पदार्थाचे तापमान न वाढवता केवळ त्याची अवस्था बदलण्यात जी उष्णता खर्च होते, तिला अप्रकट उष्मा म्हणतात. शून्य अंशावरील एक किलो बर्फाचे शून्य अंशावरच पाणी होण्यास सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि तेवढ्याच उष्णतेने एक किलो थंडगार पाणी ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. बर्फाच्या अंगी असलेली ही चिवट सावकाशी हेच त्याच्या व्यापाराचे खरे भांडवल होते. मात्र ज्यांनी हा व्यापार उभा केला त्यांनी ती सूत्रातून ओळखली नाही. तोटा सोसत, कोठारे बांधून आणि मोडून ती त्यांच्या हाती लागली. आज सहलीला किंवा डोंगरातल्या मुक्कामाला नेल्या जाणाऱ्या शीतपेटीचा इतिहास याच धडपडीतून सुरू होतो, आणि त्याच्या एका मोठ्या पर्वाचे शेवटचे टोक कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांत आहे.

भारतात थंड पाण्याचा शौक अर्थातच त्याहून जुना. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त बादशहाच्या आबदारखान्याचे म्हणजे पिण्याच्या पाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याचे वर्णन असून, त्यात सोऱ्याने पाणी गार करण्याची कृती दिलेली आहे: धातूच्या सुरईत एक शेर पाणी भरून तोंड बंद करावे, दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाणी व अडीच शेर सोरा एकत्र करून त्यात ती सुरई पाव तास फिरवत राहावी. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, म्हणून सुरईतले पाणी गार होते. बंदुकीच्या दारूत आग ओकणारा पदार्थ पाणी थंड करतो, याचे नवल अबुल फजललाही वाटलेले दिसते. दरबार पंजाबात हलल्यावर लाहोरच्या उत्तरेकडील पहाडांतून नावा, गाड्या आणि हमाल यांच्या साखळीने हिमही येऊ लागले. गंगेच्या मैदानात आणखी एक पद्धत होती, तिची माहिती सर रॉबर्ट बार्कर याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. उथळ खड्ड्यांत ऊस किंवा कडब्याची चिपाडे अंथरून त्यांवर सच्छिद्र मातीची पसरट भांडी ठेवत, त्यांत थोडेसे पाणी भरत, आणि हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री भांड्यातून उघड्या आकाशाकडे जाणारी उष्णता व बाष्पीभवन या दोहोंमुळे त्यावर पापुद्रा धरे. तो पहाटे उन्हाआधी गोळा करून खड्ड्यात ठोकून बसवत. हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही बर्फ धरतो, हे बार्करला विशेष वाटले. तथापि हा बर्फ पातळ, गढूळ आणि मोजका असे. कलकत्त्याच्या गोऱ्या वस्तीला तो पुरत नसे आणि रुचतही नसे.

या पोकळीत जो माणूस शिरला तो बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर (१७८३–१८६४). न्यू इंग्लंडमधील तळी दर हिवाळ्यात फुकट गोठतात आणि उष्ण कटिबंधातल्या श्रीमंतांना बर्फ मिळत नाही, एवढ्या दोन गोष्टींच्या जोरावर त्याने १८०६ च्या फेब्रुवारीत ‘फेवरिट’ नावाच्या गलबतातून सुमारे १३० टन बर्फ कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटाकडे रवाना केला. बर्फ बऱ्यापैकी शाबूत पोहोचला, पण तो ठेवण्यासाठी बेटावर कोठार नव्हते आणि गिऱ्हाइकांना त्याचे काय करावे हे ठाऊक नव्हते. ट्यूडरने घरी लिहिलेल्या पत्रात या गिऱ्हाइकांची तक्रारवजा नोंद आहे: एकाने भर दुपारी उन्हातून बर्फ नेऊन दारापुढे ताटात ठेवला आणि तो वितळतो म्हणून कुरकुर केली, दुसऱ्याने तो पाण्याच्या पिंपात टाकला, तिसऱ्याने टिकावा म्हणून मिठात पुरला. यातला तिसरा मनुष्य सर्वांत अभागी म्हणावा लागेल, कारण मीठ मिसळले की बर्फाचा वितळणबिंदू खाली जातो. मिश्रण अधिक थंड होते हे खरे, आणि आइस्क्रीमच्या भांड्याभोवती खारवलेला बर्फ भरतात तो याचसाठी, परंतु बर्फ स्वतः लवकर संपतो. या फेरीत ट्यूडरला काही हजार डॉलरांची खोट आली, आणि पुढील काही वर्षांत कर्जापायी त्याला तुरुंगही पाहावा लागला.

त्याच्या यशाचे श्रेय बहुधा त्याच्या धाडसाला दिले जाते. परंतु ‘बर्फाचा राजा’ म्हणून गाजलेल्या या माणसाची खरी कमाई भुसा ही होती, असे म्हटले तर ते अधिक न्याय्य ठरेल. हवाना येथे कोठार उभारताना त्याने उष्णता अडवणारी निरनिराळी द्रव्ये तपासून पाहिली. गवत, पेंढा, कोळशाची पूड, साळीचा कोंडा अशा पदार्थांत लाकडाचा भुसा त्याला सर्वांत सोयीचा वाटला. भुसा स्वतः थंड नसतो. त्याच्या कणांमध्ये अडकलेली हवा हलू शकत नाही, आणि न हलणारी हवा उष्णतेची अत्यंत मंद वाहक असते, हे त्यामागचे कारण. घोंगडीत गुंडाळलेला माणूस उबदार राहतो आणि घोंगडीत गुंडाळलेला बर्फ थंड राहतो, या दोन्हींत काम एकच चालते. शिवाय मेन प्रांतातील लाकूड-गिरण्यांना हा भुसा टाकावा कुठे याची चिंता होती, त्यामुळे तो नाममात्र दरात मिळे. बॉस्टनहून दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना पुरेसा माल मिळत नसल्याने तोल राखण्यासाठी त्यांच्या तळाशी दगड भरावे लागत, त्याऐवजी बर्फ नेण्यास मालक थोडक्या भाड्यातही राजी होत. म्हणजे टाकाऊ पाणी, टाकाऊ भुसा आणि रिकामी जहाजे यांवर हा धंदा उभा होता.

त्यात उरलेली मोठी अडचण बर्फाच्या आकाराची होती. कुऱ्हाडीने व करवतीने फोडलेले वेडेवाकडे तुकडे एकमेकांना लागून बसत नसत, मधल्या फटींतून हवा खेळे आणि प्रत्येक तुकडा चोहोबाजूंनी झिजे. केंब्रिजजवळच्या फ्रेश पाँड या तळ्याशी संबंध असलेल्या नॅथॅनिएल वाइथ याने १८२० च्या दशकात घोड्याने ओढायचा, दातेरी पात्यांचा बर्फ-नांगर बनवला. त्याने तळ्याच्या पृष्ठभागावर चौकटी आखल्या जात आणि त्यांवरून सारख्या मापाच्या लाद्या काढता येत. अशा लाद्या विटांसारख्या एकमेकींना भिडवून रचल्या की सारा साठा एकच प्रचंड ठोकळा होऊन बसतो. यामागचे गणित साधे पण दूरगामी आहे: घनाची बाजू दुप्पट केली तर त्याचे पृष्ठफळ चौपट होते आणि घनफळ आठपट, उष्णता शिरते ती पृष्ठभागातून, तर ती सोसायला असतो तो सगळा घनफळातला बर्फ. एक मीटर बाजूच्या ठोकळ्याचे दहा सेंटिमीटरचे हजार तुकडे केले, तर वजन तेच राहून उघडा पृष्ठभाग सहा चौरस मीटरांवरून साठ चौरस मीटरांवर जातो.

या साऱ्या शिकवणीची कसोटी १८३३ मध्ये लागली. त्या वर्षीच्या मे महिन्यात ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून कलकत्त्याला निघाले. चार महिन्यांच्या या प्रवासात विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. जहाजाच्या पोटात फळ्यांची स्वतंत्र खोली उभारून तिच्या तळाशी व भिंतींच्या पोकळीत चामडे कमावून उरलेल्या सालींचा भुगा ठासला होता, लाद्यांमध्ये फट राहू दिली नव्हती, आणि वितळलेले पाणी एका विहिरीसारख्या खोलगट जागी जमा होऊन पंपाने बाहेर काढले जाई. सप्टेंबरात जहाज हुगळीत शिरले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. सरकारने त्यावरील जकात माफ केली, रात्रीच्या गारव्यात माल उतरवण्यास परवानगी दिली, आणि गव्हर्नर-जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक याने ट्यूडरच्या प्रतिनिधीस चांदीचा पेला भेट दिला. नागरिकांनी वर्गणी काढून बर्फकोठार बांधले. बर्फाबरोबर त्याच थंड कोठीतून न्यू इंग्लंडची सफरचंदेही येऊ लागली. कॉफीच्या सट्ट्यात ट्यूडरने ओढवून घेतलेले दोन लाख डॉलरांहून अधिक कर्ज फिटले ते मुख्यतः या भारतीय व्यापारावर. १८४६–४७ च्या हिवाळ्यात त्याची माणसे कॉनकॉर्डच्या वॉल्डन तळ्यावर बर्फ कापत असताना तेथे राहणाऱ्या हेन्री डेव्हिड थोरो याने ते पाहिले आणि आपल्या तळ्याचे पाणी हिंदुस्थानातल्या लोकांच्या पेल्यात उतरणार, या विचाराला आपल्या पुस्तकात जागा दिली.

मुंबईतही १८३० च्या दशकातच अमेरिकी बर्फ पोहोचला. जमशेटजी जिजीभाई यांनी १८३४ मध्ये एका मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले आणि त्यानंतर यजमानांसह पाहुण्यांना पडसे झाल्याची वार्ता ‘मुंबई समाचार’ने छापली, असे या शहराच्या इतिहासात आवर्जून सांगितले जाते. पुढे कोटातील स्कॉटिश चर्चच्या शेजारी घुमटाकार बर्फकोठार उभे राहिले. त्या काळच्या छायाचित्रांत चर्चच्या मनोऱ्याजवळ ते ठेंगणे, गोल बांधकाम ओळखता येते. मद्रासचे कोठार १८४० च्या दशकात समुद्रकिनाऱ्यालगत बांधले गेले, आणि तिन्हींत तेवढेच आज शिल्लक आहे: १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचा तेथे मुक्काम झाल्यामुळे ती वास्तू त्यांच्या स्मारकाच्या रूपाने वाचली. मुंबईतील पुरवठा जहाजांच्या येण्यावर अवलंबून असल्याने अनियमित असे, आणि एखादे जहाज लांबले की शहराचा बर्फ संपे. या बर्फाचे गिऱ्हाईक प्रामुख्याने युरोपीय अधिकारी, रुग्णालये आणि पारशी शेठ. गावातल्या माठाला आणि रांजणाला त्याने धक्का लावला नाही.

हा व्यापार यंत्राने संपवला. १८५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन आणि त्यानंतर फ्रान्समधील फर्डिनांड कारे यांनी बर्फ बनवण्याची यंत्रे उपयोगात आणली. मद्रासला १८७४ मध्ये इंटरनॅशनल आइस कंपनी आणि कलकत्त्याला १८७८ मध्ये बंगाल आइस कंपनी निघाली, आणि थोड्याच वर्षांत तळ्यांचा बर्फ येणे बंद झाले. बर्फ बनवण्याची रीत बदलली तरी तो राखण्याची रीत मात्र जागची हलली नाही: कारखान्यातून निघालेली लादी भुसा लावून गोणपाटात गुंडाळायची, ही मुंबईच्या बर्फवाल्यांची पद्धत ट्यूडरच्या कोठारांचीच वारसदार आहे.

कोठाराची पेटी करण्याचा प्रयत्न मात्र ट्यूडरच्याही आधी झाला होता. मेरीलँडमधील शेतकरी थॉमस मूर याने १८०३ च्या सुमारास देवदाराच्या लाकडी पिंपात पत्र्याचे भांडे बसवले, दोहोंमध्ये बर्फ भरला, बाहेरून सशाच्या कातड्याचे अस्तर दिले आणि त्यातून आपले लोणी घट्ट व ताजे असे बाजारात नेऊन चढ्या भावाने विकले. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यानेही अशी एक पेटी घेतली होती. सध्याच्या अर्थाने सहलीची शीतपेटी अवतरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, मोटार मध्यमवर्गाच्या हाती आल्यावर. इलिनॉय राज्यातील रिचर्ड लॅरमी याने १९५१ मध्ये हातात धरून नेता येणाऱ्या बर्फपेटीच्या एकस्वासाठी अर्ज केला व ते १९५३ मध्ये मिळाले. कोलमन कंपनीने १९५० च्या दशकात पत्र्याच्या पेटीला आतून प्लास्टिकचे अस्तर दिले, आणि इग्लूने १९६० च्या दशकात सबंध प्लास्टिकची पेटी आणली. भुशाची जागा पॉलिस्टायरीन म्हणजे थर्मोकोल आणि पॉलियुरेथेनचा फेस यांनी घेतली. तत्त्व तेच, कोंडलेल्या हवेचे किंवा वायूचे. फक्त बुडबुडे इतके बारीक की दोन इंच फेस भुशाच्या त्याहून कितीतरी जाड थराचे काम करतो. एकविसाव्या शतकात अमेरिकेत यती आदी कंपन्यांनी साचा फिरवत घडवलेल्या जाड, एकसंध भिंतींच्या पेट्या रूढ केल्या. त्यांची किंमत पाहता काही भाग मजबुतीचा व काही केवळ दिमाखाचा आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

पेटी लहान झाली त्याबरोबर घनफळाचा फायदा गेला, ही या संक्रमणाची खरी किंमत होय. १८० टनांचा साठा चार महिन्यांत निम्म्याहून कमी घटला. १५ किलोंचा साठा उत्तम पेटीतही काही दिवसच तग धरतो. म्हणून निवड करताना नावापेक्षा भिंतीची जाडी आणि विशेषतः झाकण पाहावे, कारण पुष्कळशा स्वस्त पेट्यांचे झाकण आतून पोकळ असते व त्यात फेस भरलेलाच नसतो. झाकणाच्या कडेला रबरी पट्टी असणे हे त्यानंतर येते. बर्फ चुऱ्यापेक्षा लादीच्या रूपात घेण्याचे कारण वाइथच्या नांगरात सापडते. घरच्या फ्रीझरमधील उणे १८ अंशांचा बर्फ शून्य अंशावरील बर्फापेक्षा अधिक उष्णता पचवतो हे खरे, परंतु हा लाभ जेमतेम एक दशांश इतकाच आहे. त्यामानाने ३० अंशांवरची एक लिटर पाण्याची बाटली शून्यापर्यंत आणण्यात सुमारे पावणेचारशे ग्रॅम बर्फ वितळतो, आणि अशा दहा बाटल्या पावणेचार किलो खातात. यास्तव पेटी व आतले सामान आदल्या रात्रीच गार करून ठेवणे कोणत्याही महागड्या पेटीपेक्षा अधिक फलदायी ठरते.

एका बाबतीत जुना नियम नव्या पेटीला लागू पडत नाही. बर्फकोठारात आणि जहाजात वितळलेले पाणी ताबडतोब काढून टाकणे अत्यावश्यक असे, कारण ओला भुसा उष्णता अडवत नाही आणि पाणी त्याच्यातून पाझरत राहिले की सारा साठा आतून पोखरला जातो. आधुनिक पेटीत फेस बंद प्लास्टिकच्या आड कोरडाच राहतो, त्यामुळे तळाशी साचलेले शून्य अंशाजवळचे पाणी ओतून दिल्यास त्याची जागा बाहेरची गरम हवा घेते आणि उरलेला बर्फ उलट लवकर संपतो; मासे, मांस किंवा पाणी लागून बिघडणारे पदार्थ आत असतील तरच पेटीच्या तळाचे बूच उघडणे इष्ट.