जुन्या छायाचित्रातील कुंकू काळे का?

एकोणिसाव्या शतकातील एखाद्या मराठी स्त्रीचे छायाचित्र निरखून पाहा. कपाळावरचे कुंकू काळेकुट्ट उमटलेले असते. छायाचित्र कृष्णधवल, तेव्हा कुंकू काळे दिसणारच, असे आपण समजतो. पण खरे कारण निराळे आहे, आणि त्या कारणाचा त्या स्त्रीच्या वर्णाशीही निकटचा संबंध आहे. आजचा धागा त्याविषयी.

१८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने कलोडियनच्या ओल्या काचेची प्रक्रिया प्रसिद्ध केली. पुढची सुमारे तीन दशके जगभरातील स्टुडिओ प्रामुख्याने तिच्यावरच चालले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद. आपल्याकडील छायाचित्रणाचा आरंभकाळ तो हाच.

या काचेवरील रसायनाला निळा-जांभळा प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण एवढेच जाणवत. तांबडा जवळजवळ नाहीच, पिवळाही अत्यल्प. त्यामुळे निळे आकाश पांढरेफटक, हळदीचा पिवळा गडद आणि कुंकू काळे. आता त्वचेकडे वळू. त्वचेतील मेलॅनिन नेमका निळा आणि अतिनील प्रकाशच सर्वाधिक शोषून घेते. गव्हाळ चेहऱ्यावरून परतणारा जो तांबूस-पिवळा उजेड आपल्याला उबदार वाटतो, त्याची त्या काचेला दखलच नव्हती. गव्हाळ माणूस छायाचित्रात काळासावळा होई. गोरे युरोपीयही सुटले नाहीत. त्यांच्या गालांवरचे फिकट तांबूस ठिपके डाग पडल्यासारखे ठळक उमटत.

गिऱ्हाईक अर्थातच नाराज. मग रिटचिंग करणारा कारागीर कामाला लागे. निगेटिव्ह तिरप्या चौकटीवर ठेवून, खालून आरशाने उजेड देऊन, तो टोकदार शिसपेन्सिलीने चेहऱ्यावर बारीक रेषा व ठिपके भरी. निगेटिव्हवर जिथे शिसे चढे, तिथे छापील प्रतीत त्वचा उजळे. सुरकुत्या, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे याच वाटेने नाहीशी होत. भारतातील स्टुडिओंनी तर चित्रकारच पदरी ठेवले. ते छायाचित्रावर जलरंगांचे वा तैलरंगांचे असे थर चढवीत की कित्येकदा मूळ छायाचित्र रंगाखाली झाकूनच जाई.

म्हणजे एकाच चेहऱ्यावर दोन परस्परविरोधी फेरफार झाले. रसायनाने तो काळवंडवला, कारागिराने उजळला; कोणी किती, याची नोंद प्रतीवर नसते. जुन्या छायाचित्रावरून ‘अमुक गोरे होते’ किंवा ‘तमुक सावळे होते’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

१८७३ साली हर्मन फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काही रंजकांच्या साहाय्याने काचेला हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची जाणीव देता येते, असे दाखवले. सर्व रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडले.

रंगीत फिल्म आल्यावर प्रश्न सुटला असेल, असे वाटेल. तो सुटला नाही. फक्त आता ‘योग्य’ त्वचा कोणती हे कंपनी ठरवू लागली. १९५० च्या दशकात कोडॅकने छपाई करणाऱ्या प्रयोगशाळांना एक नमुनाचित्र पुरवायला सुरुवात केली. त्यावर होती शर्ली नावाची गोरी तरुणी. पुढे मॉडेल बदलल्या तरी ‘शर्ली कार्ड’ हे नाव टिकले. तिचा चेहरा नमुन्यासारखा छापला गेला की यंत्र बरोबर जुळले. मग त्या यंत्रातून कोणाचेही छायाचित्र जावो. वर्गाच्या सामूहिक छायाचित्रात गोऱ्या मुलांचे चेहरे स्वच्छ, आणि शेजारच्या कृष्णवर्णीय मुलांचे मात्र डोळे व दात तेवढे दिसतात, अशा तक्रारी अमेरिकेत पालक करू लागले. कॅनडातील अभ्यासक लोर्ना रॉथ यांच्या संशोधनानुसार, गडद छटा टिपण्यात फिल्म उणी पडते ही तक्रार फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनीही केली. लाकूड व चॉकलेट यांना जो न्याय मागता आला, तो माणसांच्या वाट्याला इतक्या उशिरा यावा, हे मला आजही विलक्षण वाटते. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड कोडॅकने काढले ते १९९० च्या दशकात.

आज संपादन करणाऱ्याच्या हाती अधिक बरे साधन आहे. व्हिडिओच्या कामात वापरल्या जाणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर त्वचेसाठी एक ठरावीक रेषा आखलेली असते. गोरी, गव्हाळ, काळी अशी कोणतीही त्वचा साधारणपणे त्याच रेषेच्या आसपास पडते, कारण रंग घडवतात ते रक्त आणि मेलॅनिन सर्वांचे तेच. फरक मुख्यतः उजळपणाचा आणि रंगाच्या गडदपणाचा. म्हणून छायाचित्रावर चढलेली निळी वा हिरवी झाक काढणे ही दुरुस्ती. चेहरा दोन छटा उजळवणे ही दुरुस्ती नव्हे, ती जुन्या कारागिराची शिसपेन्सिल आहे.

हे सारे आठवण्याचे निमित्त सांगतो. जयंती-पुण्यतिथीला जुनी छायाचित्रे अ‍ॅपमधून रंगवून फिरवली जातात. कलोडियनच्या राखाडी छटेत मूळ रंगाची माहितीच नसते. अ‍ॅप अंदाज बांधते, आणि आपण तो अंदाज पुरावा म्हणून पुढे पाठवतो. अशा कित्येक प्रतींत गाल छान गुलाबी झालेले असतात. कपाळावरचे कुंकू मात्र काळेच राहिलेले असते.