हमीदचे तीन पैसे आणि माझी ईदी

दरवर्षी रमजान ईदच्या आसपास मी वर्गात प्रेमचंदांची 'ईदगाह' काढतो. उर्दूच्या तासाला उर्दूतून वाचतो, मराठीच्या तासाला तिचा सारांश मराठीत लिहायला देतो. मागच्या वर्षी सहावीतल्या एका मुलाने वहीत एकच ओळ लिहिली होती, "सर, मी असतो तर खेळणं घेतलं असतं." मी लाल पेन उघडला आणि तसाच बंद केला. कारण मी खरोखरच तेच केले होते.

तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. अब्बा बाजारात हमाली करायचे, अम्मी घरी विड्या वळायची. त्या ईदला मला सगळी मिळून पाच रुपये ईदी मिळाली. अम्मी म्हणाली होती, "दोन रुपये आणून दे रे, उद्या दुधाला लागतील." मी पाळण्यात बसलो, बर्फाचा गोळा खाल्ला, एक प्लॅस्टिकचा चष्मा घेतला आणि पैसे हरवले म्हणून सांगितले. अम्मी काही बोलली नाही. दोन-तीन वर्षांनी शाळेत 'ईदगाह' शिकलो. सर डोळे पुसत शिकवत होते आणि मी खाली मान घालून बसलो होतो. गरीब तर आम्हीही होतो, पण हमीदसारखे नव्हतो.

ही गोष्ट १९३३ ची. त्याच वर्षी, फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढले. एकीकडे बनारसजवळच्या लमहीत जन्मलेले, आधी नवाबराय या नावाने उर्दूत लिहिणारे प्रेमचंद. दुसरीकडे कोकणातल्या पालगडचे गुरुजी. तरी दोघांची मुले सख्खे भाऊ वाटतात. हमीद तीन पैशांत दादीसाठी चिमटा आणतो. श्याम दापोलीला शिकत असताना खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवतो आणि भर पावसात तो घेऊन घरी येतो. स्वतःची हौस मारून घरच्यांना देणारे मूल हे त्या काळाचे आवडते चित्र होते. स्वातंत्र्याची चळवळ चालू होती, त्याग हा मोठा शब्द होता, तो मुलांच्या खांद्यावरही आला. श्याम निदान हट्ट करतो, चुकतो, आईचा मार खातो. हमीदला मारायला आईच नाही. बाप पटकीने गेला, मागोमाग आईही गेली.

पण प्रेमचंदांवर मी थोडा अन्याय करतो आहे. मोठेपणी गोष्ट पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आले की ती आम्हा शिक्षकांनी गोड करून टाकली आहे. मूळ गोष्टीत पैशांचा हिशेब फार कडक आहे. अमीनाकडे एकूण दोन आणे, म्हणजे आठ पैसे. तीन हमीदच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात, आणि त्यात सण निभवायचा. मातीचे खेळणे दोन पैशांना, पाळणा एक पैशाला. मोहसिन त्याला रेवडी दाखवतो आणि हात मागे घेऊन स्वतःच्या तोंडात टाकतो, बाकीची पोरे टाळ्या पिटतात. हमीदला खेळणे हवेच असते. मातीचे आहे, पडले की फुटेल, अशी तो स्वतःची समजूत घालतो. पुढे चिमटा खांद्यावर टाकून भांडतो, वकील-शिपायांची फजिती करतो. हे पोर साधू नाही, चांगले बेरकी आहे! ईदगाहमध्ये नमाजाला सगळे एका रांगेत झुकतात आणि रांग मोडताच बाजार त्यांना वेगळे करतो, हेही प्रेमचंदांनी मांडले आहे. परीक्षेत मात्र आम्ही विचारतो, 'हमीदच्या स्वभावातील गुण लिहा.'

मला सुटका मिळाली ती बीएडच्या वर्षी, दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये. १९७८ चे हे पुस्तक. त्यात शिकलेला दया पवार समोर बसलेल्या दगडू मारुती पवारचे ऐकतो, आणि दोघे एकच. मुंबईच्या कावाखान्यातले ते बालपण कुणाला शहाणे करत नाही. तिथे भूक आहे, लाज आहे, आपल्याच माणसांची शरम वाटल्याची लाज तर सर्वांत जास्त. मग १९८० मध्ये लक्ष्मण मानेंचा 'उपरा' आला, गाढवांवर बिऱ्हाड टाकून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी घरातला. १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाडांचा 'उचल्या' आला. तिथे तर चोरी हाच पोरांना शिकवायचा धंदा, आणि शाळेत जाणे हाच आगाऊपणा. पन्नासेक वर्षांत एवढा फरक पडला, कारण आता मूल स्वतः सांगत होते. १९३३ ची मुले वाचकाला रडवत होती. या मुलांना आपण रडतो की नाही याच्याशी घेणे नव्हते. 'बलुतं' वाचताना मला पहिल्यांदा वाटले की खोटे बोलणारे गरीब पोरही पुस्तकात बसू शकते.

आमच्या मोहल्ल्यातले बालपण मराठीत अजून फार थोडे आले आहे. तेंदूपानांचा वास, कापडाच्या गिरणीतल्या पाळ्या, मदरशातून थेट गॅरेजवर जाणारी पोरे. उर्दूत लिहावे तर शेजारी वाचत नाही आणि मराठीत लिहावे तर घरचे विचारतात, हे कशाला चव्हाट्यावर मांडतोस?

त्या मुलाची वही मी परत दिली. गुण पूर्ण दिले आणि खाली विचारले, "कोणतं खेळणं घेतलं असतंस?" दुसऱ्या दिवशी त्याने पानभर लिहून आणले. रिमोटची गाडी, तिचा रंग, तिची किंमत, ती कोणत्या दुकानात कुठल्या फळीवर आहे. आणि शेवटी, बाजूला, बारीक अक्षरात: अम्मीला सांगू नका.

त्या संध्याकाळी अम्मीला चष्म्याची गोष्ट सांगितली. आता तिला सत्तरी लागली आहे. ती म्हणाली, "ठाऊक होतं की. उशीखाली ठेवला होतास ना, लाल दांड्यांचा."