ज्येष्ठमधाचे गणगोत

घसा धरला की काष्ठौषधींच्या दुकानातून ज्येष्ठमधाची कांडी आणून दाढेखाली धरायची, एवढी ओळख आपल्यापैकी बहुतेकांना असते. झाड मात्र क्वचितच कुणी पाहिलेले असते, कारण ते मूळचे इथले नव्हे. भूमध्य समुद्राकाठापासून इराण-अफगाणिस्तानातून मध्य आशियापर्यंत ते रानात वाढते. लिनियसने १७५३ मध्ये त्याला ग्लायसिरायझा ग्लॅब्रा हे नाव दिले. त्याच्या मुळातले ग्लायसिरायझिन साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड असते.

या झाडाचे नातेवाईक कोण, हा या पुस्तकाचा विषय. चव घेऊन शोधू लागलो तर गुंजेपाशी येऊन थांबतो. तिचा पाला गोड, घशाला आराम देणारा, विड्यातही घालतात. (बी मात्र जहाल विषारी असते, मुलांच्या हाती देऊ नये.) पण गुंजेची गोडी वेगळ्याच द्रव्यांची आहे. दोघेही शेंगावर्गातले खरे, तरी गुंज तूर-मुगाच्या बाजूची. ज्येष्ठमध ज्या शाखेत येतो, तिथे हरितलवकाच्या डीएनएमधल्या एका मोठ्या तुकड्याच्या दोन प्रतींपैकी एक गळून गेली आहे. हीच खूण हरभरा, वाटाणा आणि मेथीतही सापडते. म्हणजे आपली कडू मेथी ही गोड गुंजेपेक्षा ज्येष्ठमधाच्या जवळची. मला वनस्पतिशास्त्रातली ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

सख्ख्या भावंडांतही चव सारखी नसते. ग्लायसिरायझा एकिनाटाच्या मुळात ही गोडी जवळजवळ नाहीच. का नाही, याचे उत्तर विकरांत शोधावे लागते. बीटा-अमायरिन हा रेणू सोयाबीनही बनवते. त्यापासून ग्लायसिरायझिनकडे नेणारी दोन महत्त्वाची विकरे जपानी संशोधकांनी २००८ आणि २०११ मध्ये ओळखली.

औषधाबद्दल एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. ज्येष्ठमध सतत आणि भरपूर घेतल्यास मूत्रपिंडातल्या कॉर्टिसॉल निष्क्रिय करणाऱ्या विकराला अडथळा होतो. मग अंगात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

वाचकाला वनस्पतिशास्त्राची पदवी लागणार नाही. कुंडीत मेथी पेरा, भाजीसाठी न खुडता फुलू द्या. फुलाची एक मोठी पताका, बाजूचे दोन पंख आणि खालची नावेसारखी जोडपाकळी सुटी करून पाहा. पहिले प्रकरण त्या फुलावरच आहे.