कप्तानाची खुर्ची: ‘स्टार ट्रेक’मधील अंतराळयुद्ध आणि त्याचे परीक्षक

एखादी कादंबरी रंगभूमीवर आली की मराठी समीक्षक दोन प्रश्न विचारतो: मूळ कृतीचा गाभा राहिला का, आणि नाटक म्हणून ते स्वतःच्या पायावर उभे राहते का. दूरचित्रवाणी मालिकेवर बेतलेल्या व्हिडिओ गेमच्या परीक्षकापुढेही हेच दोन प्रश्न असतात, पण त्यांत एका तिसऱ्याची भर पडते, तो म्हणजे खेळाडूच्या हाताला नेमके काय काम दिले आहे. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेवर गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत अंतराळयुद्धाचे जे खेळ निघाले, त्यांच्या स्वागताचा इतिहास पाहिला तर निकाल बहुतेक वेळा या तिसऱ्या प्रश्नावर लागलेला दिसतो. कलावंतांचे मूळ आवाज, यानांची हुबेहूब चित्रे आणि परिचित संगीत एवढ्या भांडवलावर समीक्षक फार काळ खूश राहिले नाहीत.

याचे कारण मालिकेच्या घडणीतच आहे. जीन रॉडेनबेरी यांची ही मालिका 8 सप्टेंबर 1966 रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि तीन हंगामांत 79 भाग होऊन 1969 मध्ये थांबली. तिचे बरेचसे नाट्य ‘ब्रिज’वर, म्हणजे जहाजाचा कप्तान जिथून हुकूम सोडतो त्या कक्षात घडते. कप्तान मधल्या खुर्चीत बसतो. सुकाणू दुसऱ्याच्या हाती, शस्त्रे तिसऱ्याच्या, आणि इंजिनाची खबर खालच्या मजल्यावरून येते. डिसेंबर 1966 मध्ये प्रसारित झालेला ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग 1957 च्या ‘द एनिमी बिलो’ या पाणबुडीयुद्धावरील चित्रपटाच्या धर्तीवर रचलेला होता. त्यात शत्रू डोळ्यांना दिसत नाही, दोन्ही कप्तान एकमेकांच्या मनाचा अदमास घेत राहतात, आणि श्वास रोखून वाट पाहणे हाच लढाईचा मोठा भाग असतो. याउलट 1977 च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील यानांच्या झुंजी बसवताना जॉर्ज लुकास यांनी दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या झटापटींची चित्रफीत नमुन्यादाखल वापरली होती. पडद्यावरील अंतराळयुद्धाची अशी दोन घराणी झाली, एक आरमारी आणि दुसरे हवाई. आणि व्हिडिओ गेमच्या धंद्याने त्यांतले दुसरे आधी आत्मसात केले.

तसे पाहता पहिला ‘स्टार ट्रेक’ खेळ आरमारी घराण्यातलाच होता. माइक मेफील्ड या शाळकरी मुलाने 1971 मध्ये अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ‘सिग्मा 7’ संगणकावर, बेसिक या आज्ञाभाषेत तो लिहिला. त्या काळी अशा संगणकाला बहुधा पडदा नसे. खेळाडू टेलिटाइपवर, म्हणजे टंकलेखन यंत्रासारख्या छपाईयंत्रावर आज्ञा टंकत असे आणि उत्तर कागदाच्या गुंडाळीवर खडखडत छापून येई. आकाशगंगा 8 गुणिले 8 अशा 64 चौकटींची असून प्रत्येक चौकट पुन्हा 64 घरांची होती. छापील नकाशावर तारा म्हणजे एक फुली, आणि काही आवृत्त्यांत शत्रूचे यान म्हणजे ओळीने तीन अधिकचिन्हे. टॉर्पेडो सोडायचा तर दिशा आकड्यात द्यावी लागे, आणि ढालींना किती ऊर्जा द्यायची नि शस्त्रांसाठी किती राखायची याचा हिशेब खेळाडूलाच करावा लागे. येथे हातचलाखीला वाव नव्हता. विचार करायचा, हुकूम द्यायचा आणि परिणाम कागदावर उमटेपर्यंत थांबायचे, हीच लढाई होती.

या खेळाला छापील परीक्षणे मिळाली नाहीत, कारण व्हिडिओ गेमचे परीक्षण हा व्यवसायच तेव्हा नव्हता. त्याचे स्वागत मोजायचे तर ते नकलांनी मोजावे लागते. डेव्हिड आल यांनी 1973 मध्ये आपल्या बेसिक खेळांच्या संग्रहात त्याची संहिता छापली, बॉब लीडम यांनी 1974 मध्ये तो वाढवून ‘सुपर स्टार ट्रेक’ केला, आणि त्या संग्रहाची 1978 ची आवृत्ती पुढे दहा लाखांहून अधिक खपली. छापलेला खेळ ओळीओळीने स्वतःच्या यंत्रात टंकून घेणारा वाचक टंकता टंकता त्यात बदलही करी. हा आस्वादाचाच एक प्रकार होता, आणि कदाचित सर्वांत कष्टाचा. आरमारी धागा पुढे 1979 च्या ‘स्टार फ्लीट बॅटल्स’ या पटावरील खेळाने जपला. स्टीफन कोल यांनी रचलेल्या त्या खेळात यानाच्या सहा बाजूंना सहा ढाली होत्या आणि दर फेरीला ऊर्जेचे वाटप लिहून काढावे लागे.

परीक्षणाचा व्यवसाय उभा राहिला तो ‘कम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ (1981) आणि नंतर ‘पीसी गेमर’ यांसारख्या मासिकांमुळे. 1996 पासून गेमस्पॉट आणि आयजीएन ही संकेतस्थळे त्यांच्या जोडीला आली. नेमक्या याच काळात 1990 च्या ‘विंग कमांडर’ने आणि 1993 च्या ‘एक्स-विंग’ने अंतराळयुद्धाच्या खेळाचे माप ठरवून टाकले. ‘एक्स-विंग’चे कर्ते लॉरेन्स हॉलंड यांनी त्याआधी दुसऱ्या महायुद्धातील विमानांवर तीन खेळ केले होते, त्यामुळे हवाई घराण्याची वंशावळ येथे कागदोपत्री सिद्ध होते. ‘चांगला अंतराळयुद्धाचा खेळ’ म्हणजे एकट्या वैमानिकाने चपळ यान गिरक्या घेत चालवणे, ही समजूत समीक्षकांच्या मनातही पक्की बसली.

‘स्टार ट्रेक’चे खेळ या मापाने मोजले गेले तेव्हा त्यांची कुचंबणा झाली. इंटरप्ले कंपनीच्या 1997 च्या ‘स्टारफ्लीट अ‍ॅकॅडमी’त मूळ मालिकेतील कलावंत विल्यम शॅटनर, जॉर्ज टाकेई आणि वॉल्टर कोनिग यांच्यावर खास चित्रित केलेले प्रसंग होते, आणि ते पाहून मालिकेचे चाहते हरखून गेले, पण शेकडो माणसे वाहून नेणारे अजस्र यान लढाऊ विमानासारखे गिरक्या घेते, ही विसंगती जाणत्यांना खटकल्यावाचून राहिली नाही. 2000 साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘इन्व्हेजन’ने ही अडचण वेगळ्याच रीतीने सोडवली: त्याने खेळाडूला ‘व्हॅल्किरी’ नावाच्या छोट्या लढाऊ यानातच बसवले, म्हणजे मालिकेचे नाव ठेवून घराणेच बदलले. दुसरीकडे 1999 च्या ‘स्टारफ्लीट कमांड’ने ‘स्टार फ्लीट बॅटल्स’चे नियम पडद्यावर आणले, आणि जड यानांचे संथ डावपेचही रंगतदार होऊ शकतात हे समीक्षकांना पटवून दिले. शेजारच्या ‘बॅबिलॉन 5’ या मालिकेवरील ‘इनटू द फायर’ हा खेळ मात्र 1999 मध्ये तयार होत असतानाच बंद पडला. मालिकेत यानांच्या जडत्वाचा इतका बारकाईने विचार झालेला असताना त्या खेळाला परीक्षकांपुढे उभे राहण्याची संधी मिळू नये, ही या इतिहासातली खरी हानी आहे.

या पार्श्वभूमीवर 2002 चा ‘ब्रिज कमांडर’ महत्त्वाचा ठरतो, आणि त्याचे कर्ते पाहिले की हे महत्त्व अधिकच ठळक होते. तो घडवला टोटली गेम्स या संस्थेने, म्हणजे त्याच हॉलंड यांच्या चमूने. ज्यांनी वैमानिकाच्या खेळाला आकार दिला, त्यांनीच आता खेळाडूला कप्तानाच्या खुर्चीत बसवले. कथानक लिहिण्यात मूळ मालिकेच्या लेखिका डी. सी. फाँटाना यांचा सहभाग होता. ‘स्टार ट्रेक’च्या नंतरच्या मालिकेतील कलावंत पॅट्रिक स्टुअर्ट आणि ब्रेंट स्पायनर यांचे आवाज होते. आरंभीच एका ताऱ्याचा स्फोट होऊन कप्तान मरण पावतो आणि त्याच्या हाताखालचा अधिकारी, म्हणजे खेळाडू, अनपेक्षितपणे ती खुर्ची पत्करतो.

खेळाची सारी करामत नजरेच्या कोनात आहे. खेळाडू खुर्चीतून समोरच्या मोठ्या पडद्याकडे पाहतो. मान वळवली की सुकाणूवरची अधिकारी दिसते, दुसरीकडे वळवली की शस्त्रे सांभाळणारा दिसतो, आणि ज्याच्याकडे पाहावे त्याच्यापुढे त्याला देता येण्याजोग्या हुकमांची यादी उघडते. शत्रूच्या यानाचा कोणता भाग निकामी करायचा, इंजिन की शस्त्रे की ढालीचे यंत्र, एवढे सांगितले की उरलेले काम माणसे करतात. ज्याला हे पुरेसे वाटत नाही त्याच्यासाठी यान बाहेरून पाहत स्वतः चालवण्याची सोयही ठेवलेली आहे, आणि तेथे माऱ्याने कवचाला पडलेली भगदाडे डोळ्यांना दिसतात.

समीक्षकांनी या खेळाचे मनापासून स्वागत केले. 2001 मध्ये सुरू झालेले मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ निरनिराळ्या परीक्षणांतील गुणांची शंभरपैकी सरासरी काढते, आणि तेथे ‘ब्रिज कमांडर’ ऐंशीच्या पुढे गेला. परवान्यावर काढलेल्या खेळांविषयी तेव्हा सर्रास जो अविश्वास असे, तो ध्यानात घेता ही सरासरी मोठीच म्हटली पाहिजे. कप्तान असल्याचा अनुभव आणि यानांच्या हालचालीतला जडपणा यांचे कौतुक झाले. तक्रारीही होत्या: मोहिमा एकाच ठरलेल्या मार्गाने जातात, त्यांत तोचतोचपणा येतो, आणि ब्रिजवरच्या माणसांचे चेहरे यानांइतके जिवंत नाहीत. यांतली शेवटची तक्रार सर्वांत मार्मिक होती. ज्या खेळाचा प्राण माणसांना हुकूम देण्यात आहे, त्यात ती माणसे ठरावीक वाक्यांपलीकडे बोलत नसतील, तर काही काळाने त्यांची केवळ बटणे होतात आणि खेळाडू नकळत बाहेरच्या दृश्याकडे, म्हणजे पुन्हा वैमानिकीकडे वळतो. दोन घराण्यांतला झगडा या एकाच खेळात असा अनिर्णित राहिला. तरीही तो विस्मरणात गेला नाही. त्याचा बराच भाग पायथॉन या सुगम आज्ञाभाषेत लिहिलेला असल्याने चाहत्यांनी त्यात नवी याने आणि नव्या लढाया घातल्या, मेफील्डच्या खेळाची संहिता टंकणाऱ्यांनी एकेकाळी केले होते तसेच. आणि 2021 मध्ये तो पुन्हा अधिकृत विक्रीस आला.

त्यानंतरची वर्षे उतरणीची होती. खेळांचा परवाना घेतलेल्या अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने 2003 मध्ये मालिकेचे मालक व्हायाकॉम यांच्यावर दावा लावला. मालिका आणि चित्रपट यांचा ओघ आटू दिल्यामुळे परवान्याचे मोल घटले, असे तिचे म्हणणे होते, आणि 2005 मध्ये तडजोड झाली. पुढे 2006 मध्ये बेथेस्डाने प्रकाशित केलेल्या ‘लेगसी’ने शॅटनर, स्टुअर्ट, एव्हरी ब्रुक्स, केट मलग्रू आणि स्कॉट बॅक्युला या ‘स्टार ट्रेक’च्या निरनिराळ्या मालिकांतील पाचही कप्तानांचे आवाज प्रथमच एका खेळात एकत्र आणले. निष्ठेचे याहून मोठे प्रमाणपत्र दुसरे नसते. तरी परीक्षणे थंडच आली, कारण चार यानांचा ताफा हाताळण्याची रीत अवघड होती, लांबलचक मोहिमेच्या मध्ये प्रगती जतन करता येत नव्हती, आणि संगणकावरच्या आवृत्तीत कळांची मांडणी सोयीप्रमाणे बदलता येत नव्हती. कप्तान बोलत होते, पण खेळाडू कप्तान होत नव्हता.

‘ब्रिज कमांडर’च्या परीक्षकांनी दाखवलेली माणसांची उणीव भरून काढण्याचा प्रयत्न 2017 मध्ये युबिसॉफ्टच्या ‘ब्रिज क्रू’ने केला. आभासी वास्तवाचा चष्मा, म्हणजे मान वळवताच दृश्यही वळवणारे उपकरण, लावून चार खेळाडू कप्तान, सुकाणू, शस्त्रे आणि अभियांत्रिकी अशा चार जागा घेतात. ते चार वेगवेगळ्या शहरांत असले तरी एकमेकांचा आवाज ऐकतात आणि शेजारच्याचा हलणारा हात पाहतात. मोहिमा थोड्या आहेत आणि एकट्याने खेळताना रंगत उतरते, असे परीक्षकांनी नोंदवले; पण चार माणसे जमली की हा खेळ मालिकेच्या जितका जवळ जातो तितके क्वचितच कोणी गेले होते, असेही त्यांतल्या अनेकांनी मान्य केले. या खेळात कप्तानाच्या हाती सुकाणू नसते आणि शस्त्रेही नसतात. त्याने स्पष्ट शब्दांत सांगायचे आणि सुकाणूवरच्या माणसाने ते ऐकेपर्यंत थांबायचे.